आठ दाहे ऐंशी, मग डावीकडे

मस्कतला आमचा ढोल-बिगुलांचा एक बँड होता. त्याच्याबद्दल आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. बरंच झालं, त्याची लायकी तेवढीच होती. तरी मी लिहायला बसले, कारण त्या बँडातली माणसं आता आपापल्या गावी परतली आहेत आणि कधी भेटली की ती मैदानावरची गोष्ट माझ्या तोंडावर चुकीची सांगतात. म्हणजे माझ्यावर दया करून सांगतात. मला ती दया नको. चूक माझी होती, तेव्हा सांगायचा हक्कही माझाच.

बँड म्हटल्यावर डोळ्यांपुढे मोठं काही आणू नका. तीन बिगुल, सहा साइड ड्रम, एक झांजांची जोडी, एक मोठा ढोल आणि पुढे काठी घेऊन चालणारे मास्तर. एकूण बारा डोकी. बिगुलाला बटणं नसतात, त्यातून पाचच सूर निघतात, आणि आमच्या तिघा बिगुलवाल्यांना मिळून त्यातले चार येत. तीन चाली बसवल्या होत्या. त्यातल्या दोन एकच होत्या, एक सावकाश वाजवायची आणि एक घाईत. सणाच्या कार्यक्रमपत्रिकेत आमचा नंबर नाश्त्याच्या खाली असायचा. एका वर्षी आमची ओळ छापायचीच राहिली, तर कुणी तक्रार केली नाही. नाश्ता राहिला असता तर केली असती.

आम्ही वसईकडची बरीच माणसं रुवीच्या चर्चमध्ये जायचो. तिथे मिरवणूक रस्त्यावर न्यायची पद्धत नाही, म्हणून सणाची मिरवणूक चर्चच्या आवारात, इमारतीभोवती फिरायची. एक लांब बाजू, वळायचं, एक आखूड बाजू, वळायचं, पुन्हा लांब, पुन्हा आखूड, की आलो मोठ्या दारापाशी. दर वेळी डावीकडेच वळायचं. आमच्या बँडाने सगळं आयुष्य या एका फेरीत काढलं. उजवीकडे वळायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. सराव शुक्रवारी दुपारी चारला, आवारातल्या गाड्या कमी झाल्या की. अजान झाली की थांबायचं. तेवढ्यात पोरं पाणी पिऊन घ्यायची.

मास्तर म्हणजे मी ज्या हॉटेलात काम करायची त्याच्या मागच्या गेटवरचे वॉचमन. साताऱ्याकडचे, फौजेत बिगुल वाजवून रिटायर झालेले. ते आमच्या धर्माचे नव्हते, पण बिगुल नीट त्यांनाच येत होता. फादरांनी त्यांना विचारलं होतं, “मिरवणुकीत चालायला तुमची हरकत नाही ना?” मास्तर म्हणाले, “पुढे चालायचंय ना? मग हरकत नाही.”

त्यांचा एक नियम होता. पुढे चालणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. “मागे बघतो तो मेंढपाळ,” ते म्हणायचे. “मी मास्तर आहे.” मान ताठ, काठी वर, आणि मागे जग बुडालं तरी नजर समोर. आणखी एक गोष्ट आमच्याकडे वेगळी होती. मोठा ढोल मागे किंवा मधे असतो म्हणतात. आमच्याकडे तो मास्तरांच्या लगेच पाठीमागे असायचा, कारण साइड ड्रमवाली सगळी शाळेतली पोरं, त्यांना चालताना बघायला समोर काहीतरी मोठं लागायचं. ढोलाच्या मागे झांजवाला, त्याच्या मागे बिगुल, शेवटी पोरं. ही रांग नीट लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते या रांगेमुळेच झालं. म्हणजे रांगेमुळे आणि माझ्यामुळे.

ढोल पहिली काही वर्षं माझा नवरा वाजवायचा. तो एका कंपनीत ड्रायव्हर होता. चर्चमध्ये ठेवायला जागा नाही म्हणून ढोल आमच्या दार्सैतच्या घरी राहायचा. घर म्हणजे दीड खोली, त्यातली अर्धी ढोलाची. मी त्याला उठता बसता शिव्या घालायची. आडवा करून त्यावर कांदे सुकत टाकायची, इस्त्रीचे कपडे ठेवायची, आणि पाहुणे आले की चादर घालून त्याला टेबल करायची. “तुझा ढोल की मी, एक काय ते ठरव,” असं मी नवऱ्याला दर पावसाळ्यात गावी जायच्या सुट्टीआधी म्हणायची. तो म्हणायचा, “ढोलाला तिकीट लागत नाही.”

मग त्याची पाठ गेली. गाडीचं चाक बदलताना वाकला तो वाकलेलाच राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही. सण तीन आठवड्यांवर आला होता. बँडातल्या पुरुषांकडे बघितलं तर बिगुल सोडून ढोल घेईल असा एकही नव्हता. ढोल घेतला की पोटावर ओझं येतं आणि बिगुल घेतला की तोंडावर रुबाब येतो. मी म्हटलं, “तोपर्यंत मी धरते.”

तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत ते मी बोलले नाही. खरं सांगायचं तर मला तो ढोल हवा होता. कांदे सुकवत असतानासुद्धा हवा होता. घरात कुणी नसलं की कांदे बाजूला सारून मी त्याच्यावर मुठीने एकदोन वाजवून बघायची आणि शेजारणीने विचारलं तर म्हणायची, मसाला कुटत होते. पन्नाशीला टेकलेली बाई, चौथी शिकलेली, जन्मभर दुसऱ्यांच्या चादरींच्या घड्या घातलेली. माझ्या हाती वाजवायला म्हणून कधी कुणी काही दिलं नव्हतं. ही सगळी कारणं मी नंतर शोधून काढली. तेव्हा नुसतं हवं होतं, पोरांना हवं असतं तसं.

मास्तरांनी मला बघितलं आणि काठी जमिनीवर टेकवली. “बाई, ढोल म्हणजे घड्याळ. तुम्हाला जमेल?”

“वजन जमेल. हॉटेलच्या ओल्या चादरी उचलून बघा एकदा.”

“लोक बघतील.”

“तुम्हाला काय त्याचं? तुम्ही तर मागे बघतच नाही.”

मास्तरांनी टेकवलेली काठी उचलली.

वजन जमलं. गणवेश जमेना. निळा शर्ट आणि पांढरी पँट. आयुष्यात पहिल्यांदा पँट घालणार होते. हमरियातल्या शिंप्याकडे गेले, त्याने कमरेला टेप लावला, वहीत लिहिलं, पुन्हा लावला आणि विचारलं, “मॅडम, नाप तो आपके मिस्टर का देना था ना?” मी म्हटलं, मिस्टर का नहीं, मेराच है. पँट शिवून आली ती चालताना बरी होती, बसायची नव्हती. म्हणून मी कार्यक्रमात कधी बसले नाही. लोकांना वाटायचं, बाई शिस्तीची आहे.

खरी अडचण दुसरीच निघाली. मला ताल कळत नव्हता. डाव्या पायाला ठोका एवढं जमायचं, पण वळायचं कुठे? पोटावर ढोल आला की स्वतःचे पाय दिसत नाहीत, समोर मास्तरांची पाठ आणि दोन्हीकडे ढोलाची कड. त्यात वाजवताना माझे डोळे आपोआप मिटायचे. मास्तर म्हणाले, “मोजा. लांब बाजू ऐंशी पावलं, आखूड बाजू चाळीस.” मी मोजायला लागले. पन्नासपर्यंत ठीक जायचं, साठाच्या पुढे घसरायची. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट हे शब्द लांब आहेत आणि पाय तेवढा वेळ थांबत नाही. पहिल्या सरावाला मी चौऱ्याहत्तरच्या आसपास कुठेतरी हरवले आणि एका उभ्या गाडीवर जाऊन ढोल आपटला. गाडी फादरांची होती.

मग हॉटेलात चादरी मोजताना मला सुचलं. आठ-आठच्या गठ्ठ्यांनी आम्ही चादरी लावायचो, आणि मी मनात आठाचा पाढा म्हणायची. शाळेतलं बाकी सगळं सांडलं होतं, पाढे राहिले होते. दर आठ पावलांना पाढ्याची एक ओळ. आठ एके आठ. आठ दुणे सोळा. आठव्या पावलाला मागून झांज वाजायची, की पुढची ओळ. आठ पंचे चाळीसला आखूड बाजू संपायची. आठ दाहे ऐंशीला लांब बाजू संपायची, मग डावीकडे. इतकं बरोबर बसलं की मला वाटलं, चर्च बांधणाऱ्याने माझाच पाढा धरून बांधलं असावं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. पोरं इंग्रजी शाळेतली, एकमेकांत इंग्रजीच बोलायची. आंटी ढोलाच्या मागे लपून आठाचा पाढा म्हणते हे कळलं असतं तर त्यांनी मला जगू दिलं नसतं.

सणाची फेरी बिनचूक झाली. चारही कोपरे जिथल्या तिथे. त्यानंतरचे काही आठवडे मी असह्य होते, हे नवऱ्याचं म्हणणं, आणि ते खरं आहे. भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा मी बँडाचा विषय काढायची. कांद्यांची जागा मी गॅलरीत केली. ढोलावर इस्त्रीचा कपडा दिसला तर नवऱ्यावर ओरडायची. तो म्हणाला, “सात वर्षं मी हेच सांगत होतो.” मी म्हटलं, “तू नीट सांगितलं नसशील.”

त्याची पाठ सुधारायला लागली तसा घरात तणाव सुरू झाला. तो तेल चोळून घ्यायचा, भिंतीला टेकून व्यायाम करायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, “बघ, किती वाकतो आता.” मी तेल चोळायची, पण जोर लावून नाही. देवाची शपथ घ्यायला कुणी सांगितलं तर घेणार नाही.

त्याच हिवाळ्यात बोलावणं आलं. तिकडे भारतीय मंडळींचा एक मेळावा व्हायचा, एका शाळेच्या मैदानावर. प्रत्येक प्रांताची माणसं आपापला गट घेऊन स्टेजसमोरून जायची. पुढे एक मोठा बँड असायचा, त्या वर्षी त्यातल्या मुलांच्या परीक्षा होत्या. मग शोधता शोधता कुणाला तरी आमची आठवण झाली. पहिल्यांदाच आम्ही आवाराच्या बाहेर पडणार होतो.

नवरा सरावाला आला, ताठ चालत. “मास्तर, पाठ ठीक झाली. मैदानावर मी घेतो.”

मी ढोलाचा पट्टा घट्ट धरून उभी. मास्तरांनी दोघांकडे बघितलं. “सणाला बाईंनी फेरी चोख केली. मैदानावर त्याच वाजवतील. नीट झालं तर ढोल कायमचा त्यांचा. चुकलं तर पुन्हा हात लावायचा नाही. खलास.”

“आणि मग माझ्याकडे?” नवऱ्याने विचारलं.

“ते मग बघू.”

परतताना टॅक्सीत आम्ही दोघं दोन टोकांना बसलो. ढोल मधे होता.

मैदान आधी बघायला मिळालं नाही. सराव आवारातच, तीच फेरी. मास्तरांनी शेवटच्या शुक्रवारी सांगितलं, “मैदान सरळ आहे. निघायच्या जागेपासून स्टेजसमोरपर्यंत एकशे वीस पावलं. वळायचं कुठेही नाही. मी काठी वर केली की थांबायचं आणि सलामी. समजलं?”

“सरळच तर चालायचंय,” मी म्हटलं. “त्यात काय समजायचं?”

आठाचा पाढा दहापर्यंतच असतो. आमच्या शाळेत तरी तेवढाच होता. ऐंशीच्या पुढे काय येतं हे मला कुणीही सांगितलं असतं, नवऱ्यानेसुद्धा. पण विचारायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. मी विचारलं नाही. मनात म्हटलं, चालता चालता सुचेल.

मेळाव्याच्या दिवशी ऊन छान होतं. खुर्च्या भरलेल्या, डावीकडे खाण्याचे स्टॉल, स्टेजवर मोठी माणसं कोट घालून. आमच्या मागे दहाबारा गट रांगेत उभे. मास्तरांनी मिशी नीट केली, काठी वर केली, “यल्ला, चला,” आणि आम्ही निघालो.

मी इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं. लाऊडस्पीकरवर बाई आमच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलत होती, लोक टाळ्या वाजवत होते. माझे डोळे मिटले. आठ सक अठ्ठेचाळीस, झांज. आठी आठी चौसष्ट, झांज. आठ दाहे ऐंशी, झांज. मी डावीकडे वळले.

सुचायचं काही राहिलंच नाही. पाढा संपला, अंग वळलं. माझ्या मागे झांजवाला वळला, त्याच्या मागे बिगुल, त्यांच्या मागे सहाही पोरं, एका रेषेत, सणाला वळायचो तशी सफाईने. फक्त मास्तर वळले नाहीत. ते पुढे होते, आणि ते मागे बघत नसत.

आम्ही स्टॉलच्या मधून गेलो. नवरा वड्यांच्या स्टॉलपाशी उभा होता. तो ओरडला, “अगं, इकडे कुठे?” मला वाटलं शाबासकी देतोय. मी डोळे न उघडताच त्याच्या आवाजाकडे मान डोलावली. आठ पंचे चाळीस, डावीकडे. मग पुन्हा ऐंशी, खुर्च्यांच्या मागून. पुन्हा चाळीस. चौथ्या वळणानंतर मी ऐटीत थांबले आणि डोळे उघडले. आम्ही जिथून निघालो होतो तिथेच उभे होतो. समोर पुढच्या गटाच्या बायका साड्या नेसून, हातात कलश घेऊन वाट बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, “आंटी, आप लोगों का हो गया?”

मैदानाच्या पलीकडे मास्तर एकटे स्टेजसमोर सलाम ठोकून उभे होते. ते एकशे वीस पावलं सरळ चालत गेले, काठी वर केली, थांबले. ढोलाचा आवाज लांब गेलेला त्यांना कळला होता. नंतर ते म्हणाले, त्यांना वाटलं, मोठ्या माणसांसमोर आदराने हळू वाजवत असतील. स्टेजवरच्या एका पाहुण्याने उठून सलामाला उत्तर दिलं. दुसरं काय करणार बिचारा. मग मास्तर मागे फिरले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना मेंढपाळ व्हावं लागलं. मेंढरं नव्हतीच.

लोक हसत होते. मला अजून तो आवाज आठवतो. आमच्या बँडाला एवढी दाद पूर्वी कधी मिळाली नव्हती.

मास्तर मैदान ओलांडून आले. चेहरा लाल. “पहिलं कोण वळलं?”

ढोल माझ्या पोटावर होता. पट्टा खांद्यात रुतला होता. हा पट्टा आता गेला, एवढं एकच डोक्यात आलं. मी म्हटलं, “मला झांज डावीकडून ऐकू आली, म्हणून मी वळले.”

झांजवाला मालवणकडचा होता, एसी दुरुस्त करायचा. अगदी गप्प माणूस. आठवड्यातून शुक्रवारी तेवढा त्याचा आवाज यायचा, तोही झांजेचा. मास्तरांनी त्याला विचारलं, “तू वळलास?”

तो म्हणाला, “वळलंय खरां.” वळले तर सगळेच होते. पण फौजी माणसाने कबुली ऐकली आणि पुढचं विचारलं नाही. पोरांना तर कुणी काही विचारलंच नाही.

पुढच्या शुक्रवारी मास्तरांनी त्याच्या हातातून झांजा घेतल्या. “तू बस.” तो चर्चच्या पायरीवर जाऊन बसला, रागावला नाही, घरीही गेला नाही. दर शुक्रवारी यायचा, पायरीवर बसायचा आणि आमच्याकडे बघायचा.

दोन शुक्रवार मी गप्प राहिले. घरी ढोल माझा होता, नवरा हिरमुसला होता, सगळं माझ्या मनासारखं होतं. तिसऱ्या शुक्रवारी मी कबूल केलं. माझ्यातला चांगुलपणा जागा झाला असं ही माणसं सांगतात. तसं काही झालं नाही. झालं असं की झांजेशिवाय मला वाजवता येईना. पाढ्याची ओळ कुठे संपते ते मला त्या झांजेवरून कळायचं. झांज गेली आणि माझा पाढा विस्कटला. आठ त्रिकनंतर मी सरळ आठ सकला जायची. दोन शुक्रवारांत मी तीनदा भिंतीवर आणि एकदा मास्तरांच्या पाठीवर आदळले. जो माणूस पायरीवर बसला होता तोच घड्याळ होता, मी नुसता टोल.

मी पट्टा काढला, ढोल खाली ठेवला आणि सांगितलं, “मास्तर, मी पहिली वळले. हा माझ्या मागून आला.”

“मुद्दाम?”

“पाढा संपला.”

“काय संपलं?”

मग मला सगळं सांगावं लागलं, आणि त्यांनी सांगितलं म्हणून आवारात उभं राहून आठाचा पाढा म्हणून दाखवावा लागला, एके ते दाहे. पँट घालून. बिगुलवाले हसून भिंतीला टेकले. साइड ड्रमवाली एक मुलगी म्हणाली, “आंटी, पण इलेव्हन एट्स एटी-एट असतं ना?”

“आता कळलं, बाय.”

“आणि आम्हाला माहीत होतं तुम्हीच फर्स्ट टर्न झाला. आम्ही बॅकला होतो, सगळं दिसतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“नोबडी आस्क्ड.”

झांजवाल्याकडे बघून मी म्हटलं, “तू तरी बोलायचं होतंस.”

तो म्हणाला, “मास्तरांनी इचारल्यानी वळलंस काय. मी वळलंय. कोण पयलो ता खंय इचारल्यानी?”

त्याच्याशी भांडण करणंही शक्य नव्हतं.

मास्तरांनी मिशी नीट केली. मग म्हणाले, “शब्द म्हणजे शब्द. बाई, ढोलाला हात लावायचा नाही.”

नवरा पुढेच उभा होता. त्याने हात चोळले. मास्तर म्हणाले, “उचला.” त्याने ढोल उचलला. चेहरा हसरा ठेवला, मग हळूहळू तो पिवळा पडला, आणि काच ठेवावी तसा त्याने ढोल परत खाली ठेवला. “आज जरा थंडी आहे,” तो म्हणाला. अंगावरचा शर्ट घामाने भिजला होता.

मास्तरांनी पट्टा उचलून झांजवाल्याच्या गळ्यात घातला आणि झांजा माझ्या हातात दिल्या. “आणि बाई, पुढच्या शुक्रवारपर्यंत पाढा पंधरापर्यंत पाठ करून या.”

ढोल त्या दिवशी आमच्या घरातून गेला. झांजवाल्याच्या खोलीत सहा जण राहायचे, ते त्याच्यावर पत्ते खेळायला लागले. आमच्या रिकाम्या जागेत आम्ही कपडे धुवायचं मशीन ठेवलं. नवरा म्हणाला, “आता तरी घर मोठं दिसतंय.” मी म्हटलं, हो. दोघंही खोटं बोललो. पण निदान या वेळी एकत्र बोललो.

मी पाढा पंधरापर्यंत पाठ केला. आठ पंधरे एकशे वीस. तो चालून बघायची संधी पुन्हा आली नाही, मैदानावर आम्हाला कुणी परत बोलावलं नाही.

पुढच्या सणाला ढोल घेतलेल्या झांजवाल्याच्या मागे मी झांजा घेऊन चालले. फेरी अशी झाली की मला रागच आला. एक ठोका इकडेतिकडे नाही. कोपरे तर माझ्यापेक्षा सुबक. माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा तो, आणि हे कबूल करायला मला त्या आवारातल्या दहाएक फेऱ्या लागल्या. शेवटी एकदा पाणी पिताना मी त्याला विचारलं, “तू मोजतोस तरी कसं?”

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला प्रश्नच कळला नसावा.

“मोजूचा कित्याक, मावशी? भिंत इली की वळूचा.”

त्यानंतरही काही वर्षं आम्ही तशाच फेऱ्या मारल्या. दोन हजार सालानंतर मास्तर गावी गेले आणि बँड आपोआप थांबला, कुणी थांबवला नाही. नवरा अजून म्हणतो, त्या दिवशी ढोल मी त्याला द्यायला हवा होता. असेलही. पण मी वेगळाच विचार करते. त्या मैदानावर झांजवाल्याकडे ढोल असता तर तो ऐंशीला वळला नसता, एकशे वीसला थांबलाही नसता. त्या मैदानाला भिंतच नव्हती. स्टेज, मोठी माणसं, खुर्च्या, सगळं मागे टाकून तो चालत राहिला असता, आणि आम्ही त्याच्या मागोमाग वाजवत कुठवर गेलो असतो, देव जाणे.